मनोऱ्यावरचा मृत्यू कोणाच्या खाती?

भ्रमणध्वनीने तारा नाहीशा केल्या, असे आपण सहज म्हणतो. तारा गेल्या, त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांवर माणसाला मात्र चढावेच लागते. या चढण्याची किंमत अमेरिकेच्या अनुभवावरून तपासण्याजोगी आहे.

२००३ ते २०११ या नऊ वर्षांत तेथे भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांवर काम करताना ५० कामगार मृत्युमुखी पडले. २००८ मध्ये तेथील कामगार-सुरक्षा खात्याच्या प्रमुखांनीच हे देशातील सर्वांत धोक्याचे काम असल्याचे म्हटले होते. २०१३ या एका वर्षात दळणवळणाच्या मनोऱ्यांवर १३ मृत्यू झाले; आधीच्या दोन वर्षांच्या बेरजेहूनही अधिक. प्रमुख कारण एकच, पडणे.

बचावाचे साधन काही दुर्मीळ नाही. अंगावरच्या पट्ट्याला दोन दोर असतात. एकाचा आकडा सोडण्यापूर्वी दुसऱ्याचा अडकवावयाचा, इतकेच. परंतु असे आकडे काढीत-घालीत दोनशे-तीनशे फूट चढावयाचे म्हणजे वेळ जातो, हात भरून येतात. मुदत डोक्यावर असली की आकडा न लावताच चढण्याची रीत पडते. मग चौकशीत ‘कामगाराने आकडा लावला नव्हता’ असे वाक्य येते. ते खरेही असते. पण घाई कोणाची होती?

येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. जाळे मोठ्या कंपनीचे. ती काम देते मोठ्या कंत्राटदाराला, तो धाकट्याला, तो आणखी धाकट्याला. प्रत्येक पायरीवर नफा कापला जातो आणि तळाशी जे उरते त्यात प्रशिक्षणाचा खर्च बसत नाही. मुदत वरून खाली येते. जबाबदारी मात्र वर चढत नाही. दंड झालाच तर तळच्या कंत्राटदाराला. वरच्या कंपनीच्या हिशेबात मृत्यू खर्ची पडतच नाही. मग तिने मुदत का वाढवावी?

आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने एक तत्त्व मान्य केले होते. धंद्याचे नेहमीचे काम कंत्राटाने दिले, तरी अपघाताची भरपाई मूळ मालकाकडे मागता येईल. त्याने ती मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी. परक्या सरकारचा कायदा, पण या बाबतीत शहाणा. अडचण एवढीच, की मनोरा एका कंपनीचा, अँटेना दुसरीचा आणि कामगार तिसऱ्याचा, अशा मांडणीत मूळ मालक कोण म्हणावयाचा? कंत्राटाच्या कागदावर मुदतीशेजारीच त्याचे नाव लिहून घेणे अवघड नाही.