डागाळलेली पत आणि पतसंस्थेची निवड

आजारपण, वाया गेलेला हंगाम किंवा बंद पडलेला कारखाना अशा कारणांनी एखाद्या कुटुंबाचे कर्जाचे दोन-चार हप्ते थकतात. पुढे परिस्थिती सावरते, थकबाकीही फेडली जाते. परंतु तिची नोंद मागे राहते व नव्या कर्जाच्या वेळी बँकेत आडवी येते. अशा वेळी सावकाराच्या दारी जाण्यापेक्षा सहकारी पतसंस्थेचा मार्ग निश्चितच हिताचा होय. मात्र पतसंस्थेची पाटी असलेली प्रत्येक संस्था सारखीच भरवशाची नसते. ज्याची पत एकदा डागाळली आहे, त्याने तर कर्ज कोठे लवकर मिळते यापेक्षा ते कोठे फेडता येईल, याचा विचार अधिक करावयास हवा.

प्रथम आपली नोंद पाहावी

कर्जदारांच्या परतफेडीची माहिती संकलित करणाऱ्या कंपन्यांचे नियमन २००५ च्या केंद्रीय कायद्यान्वये होते. सिबिल ही त्यांपैकी सर्वपरिचित कंपनी होय. तिचा पतगुणांक ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो. प्रत्येक कर्जदारास अशा प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण पत-अहवाल विनामूल्य मिळू शकतो. फेडलेले कर्ज बाकी दाखविले असेल, तर लेखी तक्रार करावी. तक्रारीचे निवारण ३० दिवसांत न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये केली. कर्ज तडजोडीने मिटविले असल्यास अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो. तो पूर्ण परतफेडीइतका चांगला मानला जात नाही, हेही ध्यानी ठेवावे.

माणसाची ओळख हेच भांडवल

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रायफायझन यांनी ग्रामीण पतसंस्थांचा पाया घातला, तो परस्परांच्या ओळखीवर. भारतात १९०४ च्या कायद्याने ही चळवळ सुरू झाली. महाराष्ट्रातील पतसंस्थांचा कारभार सामान्यतः महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये चालतो. संस्था कर्ज देते ते सभासदास. त्यामुळे अर्जदाराचा धंदा, त्याची बचत आणि हप्ते थकण्याचे कारण जाणून घेण्यास तिला वाव असतो.

नोकरदारास पगारदार सेवकांची पतसंस्था सोयीची ठरते. तेथे हप्ता वेतनातून वळता होत असल्याने जुन्या थकबाकीची बाधा कमी होते. इतरांनी आपल्या कार्यक्षेत्रातील नागरी अथवा ग्रामीण पतसंस्थेत आधी सभासद होऊन काही महिने नियमित बचत करावी. सोनेतारण किंवा ठेवतारण लहान कर्ज घेऊन ते वेळेवर फेडल्यास पुढील मोठ्या कर्जाची वाट मोकळी होते. तथापि, संस्था आपली माहिती पतगुणांक देणाऱ्या कंपन्यांना कळविते काय, हे विचारून घ्यावे. ती कळवीत नसेल, तर येथील चोख परतफेडीने गुणांक सुधारणार नाही.

संस्थेचीही पत पाहावी

कर्ज घेणाऱ्यास संस्थेच्या प्रकृतीशी काय कर्तव्य, असे वाटणे चुकीचे आहे. सभासदाचे भाग आणि सक्तीची बचत संस्थेतच असते. संस्था बुडाली तर ती रक्कम अडकते. कर्जाची वसुली मात्र थांबत नाही. बँकांतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना ते लागू नाही.

म्हणून नोंदणी क्रमांक, लेखापरीक्षणाचा वर्ग, थकबाकीचे प्रमाण व वार्षिक सभा नियमित होतात किंवा नाही, हे पाहावे. अधिनियमाच्या कलम ३२ नुसार सभासदास उपविधी, मागील लेखापरीक्षित ताळेबंद, सभांचे इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येतात. नाममात्र सभासदास मताचा हक्क नसतो. तेव्हा आपणांस कोणते सभासदत्व दिले जात आहे, हेही विचारावे. जी संस्था हे कागद दाखविण्यास टाळाटाळ करते, तिच्यापासून दूर राहणेच श्रेयस्कर.

व्याजाचा हिशेब

व्याजाचा दर ऐकून समाधान मानू नये. ५०,००० रुपये १२ टक्के दराने २४ महिन्यांसाठी घेतले आणि व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर आकारले, तर ते १२,००० रुपये होते व हप्ता सुमारे २,५८३ रुपये बसतो. तेच व्याज घटत्या बाकीवर आकारल्यास हप्ता सुमारे २,३५४ रुपये व एकूण व्याज सुमारे ६,४९० रुपये होते. दर एकच, पण भार जवळजवळ दुप्पट. शिवाय भागांची वजावट, प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता वजा जाता हातात किती रक्कम येईल व विलंब झाल्यास दंडव्याज किती लागेल, हे लेखी घ्यावे.

जामीनदाराचा विचार

जामीन राहणे ही केवळ सहीपुरती बाब नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यान्वये, करारात अन्यथा ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कलम १०१ खालील वसुली दाखला मिळाल्यावर संस्था त्याच्याकडूनही वसुली करू शकते. एकाच्या थकलेल्या हप्त्यापायी भावाभावांत किंवा सहकाऱ्यांत वैर येते, ते याचमुळे. म्हणून घरखर्च भागवून दरमहा जेवढे निश्चित उरते, त्याहून मोठा हप्ता मान्य करू नये आणि जामीनदारास कर्जाच्या सर्व अटी आधीच सांगाव्यात.

कोणतीही चौकशी न करता त्वरित कर्ज देणारी संस्था गरजूला जवळची वाटते. परंतु जी संस्था अर्जदाराचे उत्पन्न तपासते, मागणीपेक्षा कमी रक्कम मंजूर करते आणि आपले हिशेबही सभासदापुढे ठेवते, तीच त्याची खरी हितकर्ती होय. डागाळलेली पत एका कर्जाने उजळत नाही; ती वेळेवर भरलेल्या प्रत्येक लहान हप्त्याने हळूहळू सावरते.