पोराला कॉम्प्युटर शिकवायचा, म्हणजे नेमकं काय?

मंडळी, बारावीचा निकाल लागला की पालक आम्हा शिक्षकांकडे येतात आणि विचारतात, "सर, पोराला कॉम्प्युटरला टाकू काय?" आम्ही उलट विचारतो, कोणत्या कॉम्प्युटरला? कारण या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली, की कापूस विकून भरलेली फीही जाते आणि वर्षंही जातात.

पहिली गोष्ट म्हणजे एमएस-सीआयटी. एमकेसीएलचा हा कोर्स २००१ नंतर गावोगाव पोचला. त्यात मशीन वापरायला शिकतात. दुसरी गोष्ट म्हणजे संगणक अभियांत्रिकी. या दोन्हींच्या मधे तिसरी आहे, ती म्हणजे माहिती-व्यवस्था, इन्फर्मेशन सिस्टिम्स. आज आपण तिच्याबद्दलच बोलू.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्या यवतमाळातूनच पीएम-किसानचा सोळावा हप्ता सोडला गेला. या योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. हप्ता आला की वर्गातलं एखादं पोरगं विचारतंच, "सर, माह्या बाबाचे काहून नाही आले?"

याचं उत्तर बहुतेक वेळा नोंदींत सापडतं. कास्तकाराची जमीन सातबाऱ्यावर असते, ओळख आधारवर असते आणि पैसा बँकेत जातो. माणूस एकच, पण मशीनला ते आपोआप कळत नाही. सातबाऱ्यावर 'विठोबा' आणि आधारवर 'विठ्ठल' असेल, तर मशीनच्या लेखी ती दोन माणसं. म्हणून नावाऐवजी कधीही न बदलणारा क्रमांक धरून नोंदी जोडतात. डेटाबेसच्या तासाला 'प्रायमरी की' म्हणून शिकवतात ती हीच कल्पना.

आणखी एक बघा. आधारवर येणारी सरकारी रक्कम एकाच खात्यात जमा होते, ज्याची जोडणी शेवटी झाली त्या खात्यात. मधे कुठे दुसरं खातं उघडून आधार जोडला असेल, तर पैसा तिकडे पडतो आणि बाबा इकडे जुन्या पासबुकावर एन्ट्री मारून घेत बसतात! पैसा हरवलेला नसतो, वाट बदललेली असते. ही वाट कागदावर काढून दाखवता येणं म्हणजे सिस्टिम अ‍ॅनालिसिस. त्याच्या जोडीला थोडं प्रोग्रामिंग, थोडा हिशेब आणि नेटवर्क, असा हा अभ्यास.

हे शिकायला पुण्यालाच गेलं पाहिजे असं नाही. अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटरसारखे अभ्यासक्रम आहेत. काम करत शिकायचं असेल तर १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, त्याची अभ्यासकेंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. २०२४ पासून बीसीएसाठी राज्याची सीईटी सुरू झाली आहे, तेव्हा अर्जाच्या तारखांवर लक्ष ठेवा.

प्रवेश घेण्याआधी मात्र लॅब बघून या. एका मशीनवर किती पोरं बसतात ते मोजा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पोरं स्वतः करतात की विकत आणतात, हे तिथल्याच पोरांना विचारा. विकत आणलेल्या प्रोजेक्टनं मार्क मिळतात, काम येत नाही. त्यापेक्षा आपल्या गावच्या दूध डेअरीचा किंवा बचत गटाचा हिशेब प्रोजेक्टला घ्या. तिथली चूक पकडता आली, तर समजा पोरगं कॉम्प्युटर शिकलं.