वृद्ध कुत्र्याचा क्षुधानाश

सोलापूर शहरात काय किंवा मोहोळ-बार्शीकडील वस्त्यांवर काय, घरातील वृद्ध कुत्रा पुढ्यातील अन्नावरून उठून गेला म्हणजे एकच वाक्य ऐकावयास मिळते: ‘त्याने आता अन्न सोडले.’ या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली ही, की अन्न टाकण्याचा निर्णय त्या प्राण्याने आपण होऊन घेतला. आणि दुसरी ही, की वयोमानाप्रमाणे हे असेच व्हावयाचे असल्यामुळे आता करण्यासारखे काही उरलेले नाही. मनुष्याच्या प्रायोपवेशनाची कल्पना आपण नकळत त्या मुक्या प्राण्यावर आरोपित करतो. शरीरक्रियाविज्ञानात या दोन्ही गृहीतांना आधार सापडत नाही. वार्धक्यात आहार काहीसा घटतो हे खरे. परंतु केवळ वार्धक्याने भूक नाहीशी होत नाही. ती नाहीशी झाली असेल तर तिच्या मुळाशी बहुधा एखादा विकार असतो, आणि अशा विकारांपैकी कित्येक वेळीच ओळखले गेल्यास आटोक्यात येणारे असतात. प्रस्तुत लेखात या ओळखीचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम स्वाभाविक घट किती, हे पाहिले पाहिजे. प्राण्याच्या किलोग्रॅममधील वजनाचा पाऊण घात काढून त्यास ७० ने गुणले असता विश्रामावस्थेतील दैनिक ऊर्जेची गरज किलोकॅलरींत मिळते. २० किलो वजनाच्या कुत्र्यास हा आकडा सुमारे ६६० येतो. घराभोवती हिंडणाऱ्या प्रौढ कुत्र्यास प्रत्यक्षात १,००० च्या आसपास लागतात. उतारवयात स्नायू व हालचाल दोन्ही कमी झाल्याने ही गरज साधारणपणे पंचमांशाने उतरते असे धरले, तर तूट २०० किलोकॅलरींची होते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३४० किलोकॅलरी असतात. म्हणजे ही सर्व घट एका मोठ्या भाकरीहूनही कमी भरते, आणि तीही एका दिवसात नव्हे, तर महिनोन्‌महिन्यांच्या अवधीत होते. शिवाय वजन जवळजवळ कायम राहते. उलट कुत्र्याने आठवड्याभरात निम्मे अन्न टाकले, किंवा काही महिन्यांत त्याचे वजन दशमांशाने उतरले, तर त्यास वार्धक्य हे कारण पुरत नाही.

वजन डोळ्यांनी अजमावण्याची आपली सवय येथे विशेष घातक ठरते. सोलापूर व विजापूरच्या पट्ट्यात कारवानी कुत्री पुष्कळ आहेत. भारतीय टपाल खात्याने २००५ साली ज्याचे तिकीट काढले, तो मुधोळ कुत्रा याच कुळीतला. (हा प्रदेश ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मोडत असे, त्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त कुत्र्यांच्या विनोदास स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे, तेव्हा येथील माणसाचे कुत्र्याशी असलेले नाते आजकालचे नव्हे.) कारवानी मुळातच सडपातळ, आणि शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे हे त्याच्या निरोगीपणाशी विसंगत नाही. त्यामुळे तो झिजू लागला तरी पाहणाऱ्यास तो पूर्वीसारखाच भासतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस हात फिरवून तेथील मांस उतरले आहे काय हे पाहावे. आणि महिन्यातून एकदा कुत्र्यास उचलून घेऊन धान्याच्या काट्यावर उभे राहावे व स्वतःचे वजन त्यातून वजा करावे. एवढ्याने काम भागते.

भुकेविषयीचे आपले ज्ञान बऱ्याच अंशी कुत्र्यावरील प्रयोगांतूनच आलेले आहे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्याची अन्ननलिका शस्त्रक्रियेने मानेपाशी बाहेर उघडून ठेवली. खाल्लेला घास जठरात न जाता मानेतूनच खाली पडे. तरीही काही मिनिटांत जठररस विपुल स्रवू लागे. उलट कुत्र्याच्या नकळत जठरात थेट अन्न घातले असता त्याचे पचन मंदगतीने होई. पचनसंस्थेवरील या कार्याबद्दल १९०४ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. याचा अर्थ असा, की भूक ही पचनाची पहिली पायरी होय. भूक नसलेल्या कुत्र्याच्या घशात दूधभाताचे गोळे कोंबणारे लोक ती पायरी वगळून वर चढू पाहतात. पुढे १९९४ मध्ये मेदपेशींतील लेप्टिन आणि १९९९ मध्ये जठरात निर्माण होणारे घ्रेलिन ही संप्रेरके ज्ञात झाली. पहिले भूक आवरते, दुसरे ती चेतविते. मेंदूच्या तळाशी असा एक भाग आहे की जेथे रक्तातील विषद्रव्यांस अटकाव होत नाही. ती तेथे पोचली म्हणजे मळमळ सुरू होते. जठर सुस्थितीत असूनही आजारी प्राणी अन्नापासून तोंड का फिरवितो, याचे उत्तर पुष्कळदा या ठिकाणी सापडते.

आयुर्वेदातील अरोचकाच्या विवेचनात एक मार्मिक भेद केलेला आढळतो. तोंडात घातलेल्या अन्नाची गोडी न लागणे वेगळे, आणि अन्नाचे दर्शन वा स्मरणही नकोसे होणे वेगळे. पशूंच्या बाबतीत हीच दृष्टी ठेवून तीन अवस्था वेगळ्या काढता येतात. कुत्र्यास खावयाचे असते पण खाता येत नाही. तो अन्नाजवळ येतो, हुंगतो आणि फिरतो. किंवा तो जागचा उठतच नाही. निरीक्षक दोन वेळच्या जेवणास शेजारी बसून राहिला तर यांपैकी कोणती अवस्था आहे हे त्यास सहज कळेल.

पहिल्या अवस्थेचे नेहमीचे कारण दात हे होय. कुत्र्यास ४२ दात असतात. वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ आणि तिच्यासमोरची खालची पहिली दाढ ही कात्रीसारखी चालणारी मुख्य जोडी. नळीचे कठीण हाड फोडताना या उपदाढेचा बाहेरचा पापुद्रा उडतो, आतील गाभा उघडा पडतो आणि कालांतराने मुळाशी पू होतो. डोळ्याखाली आलेली सूज ही डोळ्याची नसून त्या मुळाची असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. असा कुत्रा भाकरीचा तुकडा उचलतो, एका बाजूने चघळतो, टाकतो, पुन्हा उचलतो. भाकरी आमटीत कुस्करून दिली की तो खातो, आणि मालक म्हणतो, ‘आता याला मऊच लागते.’ वास्तविक त्यास मऊ लागत नाही, कठीण दुखते. दात काढल्यावर असे कित्येक कुत्रे पूर्ववत जेवू लागतात. मानेच्या वा खांद्याच्या संधिवातानेही वाकून खाणे नकोसे होते. अशा वेळी भांडे वीटभर उंचावर ठेवले तरी फरक पडतो.

याच अवस्थेत एक प्राणघातक धोका दडलेला आहे, आणि विद्यार्थ्यांनी तो कधीही विसरू नये. पिसाळलेला कुत्रा चवताळून धावतोच असे नाही. रेबीजच्या लुळ्या प्रकारात जबड्याचे व घशाचे स्नायू निकामी होतात. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. पाहणाऱ्यास वाटते घशात हाड अडकले, आणि तो प्रेमापोटी तोंडात हात घालतो. लक्षणे दिसण्यापूर्वी काही दिवसांपासून लाळेत विषाणू असू शकतो, आणि रोग जडल्यावर त्यावर उपाय नाही. यास्तव गिळता न येणाऱ्या कुत्र्याच्या, विशेषतः लस न टोचलेल्या कुत्र्याच्या, तोंडात हात घालू नये. लाळ खरचटलेल्या जागी वा डोळ्यांत-तोंडात गेली असल्यास ती जागा तत्काळ भरपूर पाण्याने धुवावी, त्वचा असेल तर १५ मिनिटे साबण लावून, आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. म्हातारा कुत्रा आहे, वर्षानुवर्षे घरातला आहे, ही सबब येथे चालत नाही.

दुसरी अवस्था मळमळीची. कुत्रा ओठ चाटतो, लाळ गिळतो, अन्नाकडे पाहून मान वळवितो. वृद्ध कुत्र्यात मूत्रपिंडाचा जीर्ण विकार हे याचे फार मोठे कारण. मूत्रपिंडाच्या सुमारे दोन तृतीयांश घटकांचे कार्य थांबल्यावर लघवी घट्ट करण्याची शक्ती जाते, आणि सुमारे तीन चतुर्थांश निकामी झाल्यावर रक्तातील युरिया व क्रिॲटिनिन वाढतात. म्हणजे तहान आधी वाढते आणि भूक मागाहून जाते. परंतु सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असताना कुत्रा हौदावर सारखा पाणी पितो यात कोणास नवल वाटावे? या रोगाची पहिली खूण आपल्या उन्हाळ्यात झाकली जाते. त्यावर उपाय म्हणजे पाणी मोजून ठेवणे. दिवसाकाठी दर किलो वजनास १०० मिलिलिटरहून अधिक पाणी लागत असेल, म्हणजे २० किलोच्या कुत्र्यास दोन लिटरहून अधिक, तर रक्त व लघवी तपासलीच पाहिजे. झालेली हानी भरून येत नाही. परंतु योग्य आहार व मळमळीवरील औषधे यांनी पुष्कळ कुत्री महिने, क्वचित वर्षे, बऱ्या स्थितीत राहतात.

कुत्री मादी असेल, तिची गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली नसेल आणि माजावर येऊन गेल्यास महिना-दोन महिने झाले असतील, तर तहान व अन्नद्वेष या जोडीचा अर्थ अधिक गंभीर होतो: गर्भाशयात पू साचलेला असू शकतो. गर्भाशयाचे मुख मिटलेले असल्यास बाहेर काहीच दिसत नाही. येथे दिवस नव्हे, तास मोजावे लागतात.

तिसऱ्या अवस्थेत, म्हणजे निव्वळ उदासीनतेत, आपल्याकडे गोचिडतापाचा विचार आधी करावा. हा पसरविणारी तपकिरी गोचीड मुख्यत्वे कुत्र्यावरच जगते. गोठ्यातील म्हशीवरच्या गोचिडीस दोष देऊन उपयोग नाही. तिच्यामार्फत येणारा एर्लिकिया हा जंतू १९३५ साली अल्जीरियात वर्णिला गेला. बबेसिया गिब्सोनी हा तांबड्या पेशींतील परजीवी तर पॅटन यांनी १९१० साली मद्रासेतील शिकारी कुत्र्यांच्या रक्तात प्रथम पाहिला. फिकट हिरड्या, अधूनमधून ताप, कधी नाकातून रक्त, एवढी लक्षणे असताना ‘थकला बिचारा’ म्हणून सोडून देणे म्हणजे औषधाने हटू शकणाऱ्या रोगास मोकळीक देणे होय. हृदयविकार, यकृताचे विकार व अर्बुदे यांचीही गणना याच वर्गात करावी लागेल. त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

घरगुती उपचारांबद्दल थोडे स्पष्टच लिहिले पाहिजे. तोंडाला चव यावी म्हणून शेंगाचटणी कालवून देण्याची रीत आहे. तीतील लसूण, तसाच आमटीतला कांदा, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. या जिल्ह्यात द्राक्षे व बेदाणे घरोघर. गोड म्हणून दिलेल्या मूठभर बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यातील टार्टारिक आम्ल हे याचे कारण असावे, असे मत २०२१ मध्ये पुढे आले, आणि चिंचेतही तेच आम्ल विपुल असते. लंगडणाऱ्या कुत्र्यास माणसाची आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅकची गोळी देणे याहून वाईट: जठरात व्रण होतात, भूक जाते, आणि ती गेली म्हणून पुन्हा वय जबाबदार धरले जाते. त्यापेक्षा अन्न कोमट करून द्यावे. वयाने मंदावलेल्या घ्राणेंद्रियास त्याचा वास पोचतो. घ्रेलिनप्रमाणे कार्य करणारे कॅप्रोमोरेलिन हे औषध अमेरिकेत कुत्र्यांसाठी २०१६ साली मान्य झाले. तथापि मूळ कारण शोधल्याविना भूक चेतविणे म्हणजे घंटा बंद करून आग विझली असे समजणे होय.

प्रौढ कुत्रा एक दिवस उपाशी राहिला तर बिघडत नाही. वृद्ध कुत्र्याच्या बाबतीत दुसरा दिवस उलटू देऊ नये, आणि पाणीही घेत नसेल तर पहिलाही नाही. पशुवैद्याकडे जाताना मागील महिन्यांतील वजन, दिवसाचे पाणी, मादी असल्यास माजाची तारीख, दिलेल्या गोळ्यांची नावे आणि कुत्रा अन्नापाशी येऊन नेमके काय करतो, हे कागदावर लिहून न्यावे.