दिवेलागणीची प्रार्थना

गोव्यातल्या ख्रिस्ती घरात सायंकाळी चर्चची घंटा वाजली की हातातले काम थांबे. आंजेलूस ही संध्याकाळची प्रार्थना म्हणून झाली की ओरातोरपुढे, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यापुढे, मेणबत्ती लागे आणि घरचे गुडघे टेकून तेर्स, म्हणजे जपमाळ, म्हणत. शेवटी धाकटी हात जोडून थोरल्यांकडे 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद, मागत. तो घेतल्याखेरीज मूल पानावर बसत नसे. त्या दिवसभरात काय काय बिनसले असले, तरी रात्री आजीसमोर हात जोडायचेच होते.

ही उपासना टिकली ती भाषेमुळे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने नवख्रिस्त्यांसाठी 'क्रिस्तपुराण' रचले, ते मराठी ओवीत. १६१६ साली ते राचोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ एका बैठकीत संपण्यासारखा नाहीच. तो रोज थोडा थोडा गायचा. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. तरीही ओव्या हस्तलिखितांतून जगल्या आणि १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापल्या गेल्या. घरोघरी कोणीतरी त्या जपून ठेवल्या नसत्या, तर छापायला उरले काय असते?

देशावरची वाट वेगळी. तिथे प्रॉटेस्टंट मिशनने बायबलवाचन आणि गायन घरात आणले. पण परक्या चालींवर बसवलेली गीते मराठी तोंडात घोळत नव्हती. कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि पुढे रेव्हरंड टिळकांनी अभंग आणि भजने लिहून ही उणीव भरून काढली. त्यांची कित्येक गीते आज 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात आहेत.

टिळकांच्या स्वतःच्या घरात मात्र प्रार्थनेचा प्रश्न सोपा नव्हता. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई परतल्या, त्या आपले सोवळेओवळे घेऊनच. एका छपराखाली दोन आचार नांदले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना जाणवते की श्रद्धा त्यांच्यावर लादली गेली नाही, ती त्यांच्या स्वतःच्या झगड्यातून आली. पुढे पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनीच पूर्ण केले. ख्रिस्ती घरातल्या उपासनेविषयी बोलताना या बाईची आठवण आधी यावी. कुटुंबप्रमुखाने आज्ञा केली की प्रार्थना होते खरी, पण घर तिच्यात सामील होतेच असे नाही.

रोमन कॅथलिकांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला 'घरगुती चर्च' म्हटले. त्याच काळात मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमधून लोकभाषेत आली. वसईत ती मराठीत होऊ लागली आणि देवळात ऐकलेले शब्द घरी म्हणणे सोपे झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले, त्यामागेही हीच आस होती: हे पुस्तक स्वयंपाकघरातल्या माणसालाही सहज वाचता यावे.

आजची अडचण वेळेची आहे. वसई-विरारहून चर्चगेटला जाणारी आई रात्री नऊला घरी येते, मुलगा क्लासमधून त्याच सुमाराला. पाच दशकांची पूर्ण जपमाळ म्हणजे पंधरावीस मिनिटे, आणि ती भुकेल्या पोटी ताणली तर मुलांना शिक्षा वाटते. म्हणून शहाणी घरे इतर दिवशी एकच दशक म्हणतात आणि पूर्ण माळ रविवारी. पाठ चुकला तरी चालेल, पण एखाद्या दिवशी पुढाकार पोराच्या हाती द्यावा. सर्वांच्या देखत शेजाऱ्याच्या दुखण्यासाठी प्रार्थना करायला लावली, की त्याला शेजारी दिसू लागतो.

गोव्यातली कित्येक मुले आखातात नोकरीला आहेत. घरी साडेसात वाजतात तेव्हा कुवेतमध्ये पाच झालेले असतात. सुटी असेल त्या दिवशी फोन ओरातोरजवळ उभा करतात. तेर्स संपते, पडद्यावरचा मुलगा हात जोडतो आणि आजी बेसांव देण्यासाठी हात त्या काचेकडे नेते.