डोपामिन म्हणजे आनंद? थांबा जरा!

डोपामिनला सरसकट 'आनंदाचं रसायन' म्हणतात. मेंदूचा हिशेब मात्र वेगळा आहे.

१९५४ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. दांडी दाबली की ठरावीक भागात विजेचा सौम्य झटका बसे. उंदीर दांडी दाबतच राहिले! 'सुखकेंद्र' सापडलं असं वाटलं आणि पुढे त्याचं श्रेय डोपामिनला मिळालं.

मग मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज यांना एक नवल दिसलं. मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलेले उंदीर समोरचं अन्नही खाईनात, पण तोंडात गोड थेंब सोडला की मजेत जिभल्या चाटायचे. गोडी शाबूत, ओढ गायब!

वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. खूण दिसली की रस मिळतो, हे माकडांना कळल्यावर डोपामिनच्या पेशी रसाऐवजी खुणेलाच उसळू लागल्या. ठरल्या वेळी रस आला नाही, तर त्या मंदावायच्या. म्हणजे अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत त्या टिपतात.

प्रत्यक्ष गोडी वाटण्यात मेंदूतल्याच अफूसदृश रसायनांचा मोठा वाटा असतो.

१९९३ मध्ये टेरी रॉबिन्सन आणि बेरिज यांनी मांडलं, की व्यसनात ओढ वाढत जाते, मजा मात्र तेवढी वाढत नाही. तेव्हा व्यसनात अडकलेल्याला "एवढं काय सुख मिळतं रे त्यात?" असं विचारण्यात अर्थ नाही. सुख कधीच आटलेलं असू शकतं.