अरुंद पाटीवर ‘पूर्णा’ कसे बसते?

ठाण्याहून भिवंडीकडे जाताना काल्हेर, कोपर, पूर्णा या पट्ट्यात गोदामांच्या रांगाच रांगा लागतात. शटरवर एकच आडवी पाटी आणि तिच्यावर कंपनीचे नाव, कंपाउंड, गाळा नंबर, गाव, तालुका, सगळेच मावायला हवे. अशा ठिकाणी उभट, चौकोनी वळणाचा फॉन्ट कामाला येतो. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली आणलेला ‘टेको’ हा देवनागरीतला त्याचा चांगला नमुना. मनुषी पारीख यांनी तो आखला.

हे वळण डिजिटल फलकांच्या घराण्यातले वाटते, त्याला कारण आहे. ठिपक्यांच्या जाळीवर गोलाई नीट उमटत नाही, तिच्या पायऱ्या होतात. म्हणून त्या फलकांवरची अक्षरे सरळ रेघा धरून चालतात. याच अडचणीमुळे नेदरलँड्सचे डिझायनर विम क्राउवेल यांनी १९६७ साली ‘न्यू अल्फाबेट’ या अक्षरमालेत वळणे जवळजवळ हद्दपारच केली. रोमन अक्षर पाच बाय सात ठिपक्यांत उभे राहते. देवनागरीचे तेवढ्यात भागत नाही: वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, म्हणजे तीन मजले.

आता ‘पूर्णा’ हाच शब्द पाहा. ‘प’चे दोन उभे, ‘ण’चे तीन, शेवटी काना: शिरोरेघेखाली सहा उभ्या रेघा. रफार बसतो अगदी शेवटच्या कान्यावर, ऊकार ‘प’च्या पायाशी. सरळ रेघा इतक्या असल्यामुळे शब्द उभट साच्यात सहज जातो. पण खरे काम रेघांचे नाही, त्यांच्यामधल्या पोकळीचे आहे. ‘ण’च्या आतली फट आणि ‘ण’ व काना यांच्यातली फट डोळ्याला सारखी वाटली नाही, तर लांबून नुसते खिडकीचे गज दिसतात. ‘क’, ‘फ’ आणखी अवघड. दोन्हीकडे पसरलेली अंगे आत घ्यायची आणि अक्षराची ओळखही राखायची.

म्हणूनच साधा फॉन्ट बाजूने दाबणे हा उपाय नव्हे. रुंदी साठ टक्क्यांवर आणली की उभी रेघही साठ टक्के होते, शिरोरेघ मात्र तेवढीच जाड राहते. पाटीवर मग शिरोरेघच आधी दिसते, नाव मागे पडते. हे मला फार खटकते, कारण ट्रकचालक ती पाटी चालत्या गाडीतून वाचत असतो. अरुंद फॉन्टमध्ये प्रत्येक रेघेची जाडी नव्याने ठरवलेली असते.

‘टेको’ आणि त्याच धाटणीचे ‘राजधानी’, ‘खंड’ हे तिन्ही फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात, व्यवसायासाठीही वापरता येतात. पाटी छापायला देण्याआधी ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे आहेत ना ते तपासा, आणि नमुना रस्त्याच्या पलीकडून एकदा वाचून पाहा. जागा अपुरी पडली तर मजकूर कमी करा, अक्षरे दाबू नका.