टोपलीत येईल ती भाजी

ऑगस्टातल्या एखाद्या शनिवारी शेतावरून घरी आलेल्या टोपलीत साधारण काय असतं? लाल माठाची एक जुडी, दोन दोडकी, पाव किलोही न भरणारी भेंडी, अळूची पाच-सहा पानं, एक काकडी, मूठभर भोपळ्याची फुलं, नशीब असेल तर थोडी करटोली. पाककृतीच्या पुस्तकात 'अर्धा किलो अमुक घ्या' असं लिहिलेलं असतं, आणि यातलं काहीच अर्धा किलो नसतं. पहिल्यांदा वर्गणी भरलेल्या घरात गाडी इथेच अडते. चौघांना पुरेल एवढं एकही वाण नाही, पण सगळं मिळून आठवडाभर संपत नाही. अशा टोपलीला पाककृती नव्हे, पद्धती लागतात, आणि त्या आपल्या स्वयंपाकघरात फार पूर्वीपासून आहेत.

आधी ही टोपली कशी भरते ते पाहू. काही कुटुंबं एका शेतकऱ्याला किंवा शेतकऱ्यांच्या गटाला हंगामाचे पैसे आगाऊ देतात, आणि शेतात निघेल ते दर आठवड्याला वाटून घेतात. बियाणं, खत, मजुरी यांचा खर्च पेरणीच्या वेळी असतो, म्हणून पैसे तेव्हाच हाती पडतात. पाऊस लांबला, कीड पडली, तर टोपली हलकी येते आणि ते नुकसान सगळ्यांचं असतं. जपानमध्ये १९७०च्या दशकात ही पद्धत 'तेइकेई' या नावाने रुजली. भाजीतल्या कीटकनाशकांची धास्ती घेतलेल्या शहरी गृहिणी आणि सेंद्रिय शेती करू पाहणारे शेतकरी त्यात एकत्र आले. तिथल्या सेंद्रिय शेती संघटनेने १९७८मध्ये तेइकेईची दहा तत्त्वं मांडली. त्यातलं एक थेट चुलीपर्यंत येतं: शेतकऱ्याने पिकवलेलं सगळं ग्राहकाने स्वीकारायचं आणि आपला आहार त्यावर बेतायचा. अमेरिकेत अशी पहिली दोन शेतं १९८६च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर राज्यांत उभी राहिली. महाराष्ट्राने २०१६मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला. त्यानंतर शेतकऱ्याला शहरातल्या घरांशी थेट व्यवहार करणं सोपं झालं.

'सगळं स्वीकारायचं' हे तत्त्व ऐकायला कठोर वाटतं, पण टोपलीतलं कुठलंही वाण उगाच आलेलं नसतं. मेथी महिन्याभरात काढणीला येते, मुळा दीड महिन्यात. म्हणून हंगामाच्या तोंडाला पालेभाज्याच पालेभाज्या असतात. वेल मांडवावर चढले की दोडकी, पडवळ, कारली, दुधी यांची रीघ लागते. भोपळ्याची फुलं येतात ती बहुतेक नरफुलं. मादीफुलांना पुढे भोपळा धरायचा असतो. आणि गवार किंवा भेंडी एकदा सुरू झाली की आठवड्यामागून आठवडे येत राहते, कारण शेंग तोडली नाही तर ती जून होते आणि झाडाचा बहर मंदावतो.

आता पद्धती. पहिली आणि सगळ्यांत उपयोगी, पीठ पेरून केलेली भाजी. कांद्याची पात, मुळ्याचा पाला, कोबी, शेवग्याचा पाला, काहीही चालतं. मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीत भाजी घालून वाफ आणायची, तिला पाणी सुटलं की वरून डाळीचं पीठ भुरभुरायचं आणि पुन्हा झाकण ठेवायचं. सुटलेलं पाणी पीठ पिऊन घेतं, आणि एका जुडीत चार माणसं जेवतात. पीठ आधी कोरडंच भाजून घेतलं तर भाजी चिकट होत नाही.

दुसरी, पातळ भाजी. चाकवत, पालक, चंदनबटवा शिजवून घोटायचा, हरभऱ्याची डाळ आणि दाणे घालायचे, ताकाला पीठ लावून ते ओतायचं, वरून लसणीची खमंग फोडणी. ताकाला पीठ लावायचं कारण दाटपणापुरतं नाही. पिठामुळे ताक तापल्यावर फुटत नाही. चुका किंवा अंबाडी असेल तर ताकाची गरजच नाही. विदर्भ-मराठवाड्यात अंबाडी ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवतात आणि वर लसणीची फोडणी घेतात. थंडीत यापेक्षा चांगलं जेवण मला सुचत नाही. अळूचं फदफदं याच घराण्यातलं. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. म्हणून चिंच, आमसूल किंवा चुका आणि निगुतीने शिजवणं, दोन्ही हवं.

तिसरी चुलीशिवायची. कोवळी मेथी, मुळा, गाजर, कांद्याची पात बारीक चिरून दाण्याचं कूट, लिंबू, मीठ आणि वरून फोडणी: झाली पचडी. आदल्या दिवशी उपटलेल्या भाजीची खरी चव इथेच कळते. मटार आणि मक्यातली साखर तोडल्यापासून पिठूळ व्हायला लागते. ताजे दाणे नुसते खाऊन पाहिले की हे सांगावं लागत नाही.

आणि चौथी, माझ्या मते सगळ्यांत शहाणी: सगळं एकत्र. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, म्हणून परसात आणि बांधावर उगवलेल्या भाज्यांची एकच भाजी होते. अळू, लाल माठाचे देठ, पडवळ, शिराळं, भोपळा, सुरण, मक्याची कणसं. मूठ मूठच असतं सगळं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची लेकुरवाळी भाजी: पावटा, घेवडा, वांगी, गाजर, ओला हरभरा, बोरं, तिळाचं कूट, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. या दोन्ही भाज्या पंचांगाने राखल्या असल्या, तरी त्या वर्षातून एकदाच करायच्या असा दंडक नाही. युक्ती फक्त क्रमाची आहे. कंद आणि कणसं आधी, मग देठ आणि शेंगा, मग फळभाज्या, पानं अगदी शेवटी. क्रम पाळला तर काही कच्चं राहत नाही आणि कशाचाही लगदा होत नाही. मसाला घालू नये. ओलं खोबरं, हिरवी मिरची, थोडी चिंच पुरे.

टोपली आली की पहिला अर्धा तास तिला द्यावा. मुळा, गाजर, बीट यांचा पाला लगेच कापून वेगळा करावा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढून घेतो आणि मुळा मऊ पडतो. पालेभाजी धुऊन ठेवू नये; निवडून कोरड्या कापडात गुंडाळावी. पालेभाज्या पहिल्या दोन-तीन दिवसांत संपवाव्यात, मग शेंगा आणि वांगी. दुधी, कोबी, भोपळा थांबू शकतात. टाकायचं जवळपास काहीच नाही. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी होते, बिटाचा पाला पातळ भाजीत जातो, कोथिंबिरीची देठं आमटीत. मुळा शेतात राहून जून झाला, तर त्याच्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या येतात, आणि त्यांची भाजी मुळ्याहून सरस लागते.

चैत्र-वैशाखात टोपली रोडावते. विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं, पालेभाजी उन्हाला टिकत नाही. गवार, चवळीच्या शेंगा, शेवगा, कैरी, कोवळा फणस, एवढ्यावर निभवावं लागतं. अनेक गट या काळात वाटप थांबवतात, तर काही थेट पावसाळ्यालाच सुरू करतात. त्यासाठीची तजवीज हिवाळ्यातच करायची असते: जास्तीची मेथी सावलीत वाळवून, गवारीच्या शेंगा मीठ लावून उन्हात कडकडीत करून, कोहळ्याचे सांडगे घालून. पिठल्यात चुरलेली वाळकी मेथी आणि तळलेली गवार ताटात असली, की मे महिन्यातली रिकामी टोपलीही निभून जाते.